कडेवरची मुलं धरलेली नाहीत

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ मार्च २००५

अक्षता,

नावाच्या आधी 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. चार वर्षांत जिने आईला एक ओळ लिहिली नाही, तिच्यासाठी तो शब्द माझ्या पेनातून उतरत नाही. आणि खोटं लिहायची मला सवय नाही.

हे पत्र समेटाचं समजू नकोस. तुझे आकडे चुकले आहेत, म्हणून लिहिते आहे.

प्रसेनजीतने तुमच्या कंपनीचं इंग्रजी वार्तापत्र पाठवलं. त्याला बोलू नकोस. 'मम्मी, अक्षताचा लेख आलाय' एवढीच चिठ्ठी होती, बाकी नवरा बिचारा तुझ्या धाकात आहे हे त्याच्या अक्षरावरूनही कळतं. लेख मी चष्मा पुसून तीनदा वाचला. कलकत्त्याची भुयारी रेल्वे, सतरा स्टेशनं, प्रत्येक दारावर तुमची माणसं, सकाळी पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंतची मोजणी. इंग्रजी बरं आहे. दोन ठिकाणी 'द' हे आर्टिकल गाळलं आहेस, आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटने पट्टी मारली असती.

आता पान चार काढ. सतरा स्टेशनांवर मिळून आत गेलेले प्रवासी दोन लाख एकसष्ट हजार चारशे बारा. बाहेर आलेले दोन लाख एकोणसाठ हजार नऊशे सत्त्याहत्तर. वजाबाकी कर. चौदाशे पस्तीस माणसं कुठे गेली? जमिनीखाली राहायला गेली? तिथे बिऱ्हाडं थाटली? मी एकतीस वर्षं एसटीच्या वाहतूक शाखेत काढली आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. गगनबावड्याच्या गाडीत चढलेले आणि उतरलेले यांत दोन माणसांचा फरक निघाला तरी मी वाहकाला टेबलासमोर उभा करायची. तू माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचीस, तुला हे माहीत आहे. आणि चौदाशे पस्तीस माणसं हरवून वर स्वतःचा फोटो छापतेस?

फोटोत बारीक झालेली दिसतेस.

पान चारच्या तळाला बारीक टाइपात एक टीप आहे : 'कडेवरची मुलं या मोजणीत धरलेली नाहीत.' ती बरोबर आहे. आमच्याकडेही हाच नियम होता. ती टीप तू लिहिलीस की तुझ्या साहेबाने, एवढं कळव.

आई


२२ एप्रिल २००५

अक्षता,

उत्तर नाही. पाच आठवडे आणि चार दिवस झाले. पोस्टावर दोष ढकलू नकोस. मी रजिस्टर केलं होतं, पोच आली आहे, त्यावर तुझीच सही आहे. 'अ' अजून तसाच काढतेस, पोटाला जास्त जागा देऊन.

शेजारच्या सीताबाईंनी पोस्टमनला माझ्या दारात पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. भिंतीवरून डोकं काढून म्हणाल्या, "अंजनाबाई, लेकीचं आलं व्हय पत्र?"

"पोच आली."

"आन् तुमी काय लिवलंतासा?"

मी सांगितलं, आकड्यांचं.

"आता गं बया! चार वर्सांनी आईनं लेकीला आकडं धाडायचं असत्यात व्हय? त्यापरीस दोन पापड तरी धाडायचं!"

मी म्हटलं, पापड मोडतात, आकडे मोडत नाहीत. त्यावर त्या अशा काही हसल्या की मी आत येऊन दार लावून घेतलं. त्यांची लेक दर रविवारी कागलहून येते, म्हणून त्यांना हसायला येतं.

तू कशामुळे गेलीस ते मला कळतं. मी काही मूर्ख नाही. सगळं त्या जनगणनेवरून.

तो दिवस तुझ्या डोक्यात एक असेल, माझ्या डोक्यात दुसरा आहे, म्हणून एकदा कागदावर मांडते. वीस फेब्रुवारी २००१, मंगळवार, दुपारचे साडेअकरा. तुझी मुलगी जाऊन बारा दिवस झाले होते. अकरा दिवसांची होऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय जन्मापासूनच कमकुवत, कुणाचा दोष नाही, आणि त्यांनी जे करायचं ते सगळं केलं होतं. तू आतल्या खोलीत पलंगावर होतीस, कानाला रुमाल बांधून. पहिलं बाळंतपण माहेरी, तसा आपल्याकडे रिवाज आहे, आणि मी बोलावलं म्हणून तू आलीस. तुझे बाबा असते तर त्यांनीही बोलावलंच असतं.

गुरुजी ओसरीवर बसले. बाळासो गुरुजी, पलीकडच्या शाळेचे, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर मोठा तक्ता. माझं झालं, मग तुझं. विवाहित का, लग्नाचं वय किती, शिक्षण किती. मग ते जरा खाकरले आणि म्हणाले, "ताईस्नी मुलं किती? हयात किती ते एका घरात, आन् जन्मलेली एकूण किती ते दुसऱ्या घरात. गेलेलं मूल असलं तर तेबी धरायचं असतंय."

मी म्हटलं, "शून्य. दोन्हीकडे शून्य."

त्यांनी लिहिलं.

मी हे तुझ्यासाठी केलं. तो माणूस पुढे विचारत बसला असता, मुलगा की मुलगी, कधी, कशाने, आणि तू ते सगळं आतून ऐकलं असतंस. मी एका शब्दात मिटवलं. कुठल्याही आईने हेच केलं असतं.

गुरुजी गेल्यावर तू दारात आलीस आणि विचारलंस, "आई, त्या कागदात माझी मुलगी कुठं गेली?" मग मी काहीतरी म्हटलं. ते इथे लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी तू प्रसेनजीतला तार करून बोलावून घेतलंस, महिन्याभराची बाळंतीण नसताना, आणि हातकणंगल्याला त्याच्या घरीसुद्धा न थांबता निघून गेलीस.

एका शून्यासाठी. वा.

चौदाशे पस्तीसांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

आई


१९ जून २००५

अक्षता,

तुझं पत्र मिळालं. अकरा ओळी. पत्ता 'श्रीमती अंजना' असा, जणू मी तुमच्या कंपनीचं गिऱ्हाईक. 'आई' हा शब्द मी शोधला, मागच्या बाजूलाही शोधला. नाही. असो. अकरा ओळी तर अकरा.

तू लिहितेस की आत येणारा माणूस दारात थांबतो, खिसा चाचपतो, तिकीट शोधतो, म्हणून तो नीट मोजला जातो. बाहेर पडणारा घाईत असतो, खांद्याला खांदा लावून सुटतो, म्हणून बाहेरची मोजणी सगळीकडे कमीच भरते. कंपनीत सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून तो फरक तुम्ही लपवत नाही, तसाच छापता. हे मला पटलं. लिहायला जड जातं आहे, पण पटलं. आमच्या स्टँडवरही दिवाळीत असंच व्हायचं आणि मी मात्र वाहकांनाच फैलावर घेत राहिले.

शेवटची ओळ : 'ती टीप मीच लिहिली.'

ही ओळ मी आठवडाभर उशाशी ठेवली.

मग मंगळवारी मी स्टँडवर गेले. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घेऊन नऊ ते अकरा बाकावर बसले आणि फक्त कडेवरची मुलं मोजली. कडेवरची, खांद्यावरची, झोळीतली, बापाच्या मानेवर बसलेली. बाकीचं जग सोडून दिलं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, आपली जुनी पद्धत.

जयसिंग कंट्रोलर खिडकीतून ओरडला, "बाई! रिटायर होऊन सात वर्सं झाली की! आजून मोजताय? पगार मागू नका म्हंजे झालं!"

मी म्हटलं, "तुझ्या खात्याने जे मोजलं नाही ते मोजते आहे."

"काय ऱ्हायलंय आमचं?"

"मुलं."

तो म्हणाला, "आवं, त्यांस्नी कुठं सीट लागतीया?" आणि माइकवर इचलकरंजीची गाडी पुकारायला लागला.

हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोलले आहे, नव्या मोजणीदारांना शिकवताना. सीट लागत नाही ते धरायचं नाही. त्या दिवशी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

एकशे सदतीस झाली. मग कागलच्या गाडीतून एक बाई उतरली, तिचं पोर झोपेत होतं, एक पाय बाईच्या कमरेवर लोंबत होता आणि त्या पायात मोजा नव्हता. दुसऱ्यात होता. माझी रेघ चुकली. पुढचं मला मोजता आलं नाही. एकतीस वर्षांत मी मधेच मोजणी सोडून उठले ती पहिल्यांदा.

तुमच्या सतरा स्टेशनांवर दिवसाला किती निघतील? हिशेबाला तरी काढून बघ.

आई


८ ऑगस्ट २००५

चि. अक्षता,

एक कामाचं लिहिते आहे, तेव्हा राग बाजूला ठेवून वाच.

मी महानगरपालिकेत गेले होते. जन्म-मृत्यूची नोंद दवाखान्यातून आपोआप जाते, हे मला माहीत होतं, पण कधी जाऊन पाहिलं नव्हतं. तिथे गुंडू म्हणून कारकून आहे, निवृत्तीला आलेला, कानावर पेन. मी २९ जानेवारी २००१ सांगितल्यावर त्याने मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आला आणि थांबला.

"हाय की. ही बघा. मुलगी. वजन दोन किलो शंभर. आईचं नाव अक्षता, बापाचं प्रसेनजीत. मुलीचं नाव..." त्याने पान माझ्याकडे वळवलं. "नावाचं घर रिकामं हाय."

मग त्याने दुसरं रजिस्टर काढलं, मृत्यूचं. मी नको म्हटलं.

तर ऐक. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. फॉर्म भरायचा, आईची किंवा बापाची सही लागते, आणि नाव सही करणाऱ्याच्याच अक्षरात लागतं. मी म्हटलं, मी आजी आहे, माझं चालणार नाही का? गुंडू म्हणाला, "आज्जीचं न्हाय चालत, बाई. कायद्यात आज्जी बसत न्हाय."

फॉर्म सोबत पाठवते आहे. जिथे फुली केली आहे तिथे नाव घाल आणि खाली सही कर. नाव मला माहीत आहेच, तू सांगितलं होतंस, पण माझ्या अक्षरात चालत नाही म्हणून तुला तसदी. एवढं झालं की दाखला मिळेल. मग ती कागदावर राहील. कुणी विचारलं तर दाखवता येईल.

मी हे आधीच करायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण.

आई


१२ सप्टेंबर २००५

अक्षता,

फॉर्म परत आला.

सही आहे. तारीख आहे. जिथे फुली केली होती तिथे काही नाही. आणि पेन्सिलीने कडेला लिहिलेलं : 'नाव तुला माहीत आहे ना? मग मला सांग. मी घालते.'

हा काय पोरखेळ आहे? म्हाताऱ्या बाईची परीक्षा घेतेस? मी तुला शाळेत घातलं, इंग्रजी शिकवलं, तुझ्या बाबांनंतर एकटीच्या पगारावर तुला मुंबईला शिकायला ठेवलं, आणि आता मी तुला तोंडी उत्तरं द्यायची? सरळ एक शब्द लिहायला तुझा हात झिजला असता का?

मी दुसरा फॉर्म आणेन.

आई


१३ सप्टेंबर २००५

अक्षू,

कालचं पत्र पोस्टात पडलं आहे, नाहीतर फाडलं असतं. हे त्याच्या पाठोपाठ येईल. ते आधी आलं तर त्यावर रागावून घे, मग हे उघड.

मला तिचं नाव माहीत नाही.

तू सांगितलं होतंस, हे खरं. मी विसरले, हे खोटं. विसरायला आधी ऐकावं लागतं.

तुला नामकरण चार तारखेच्या रविवारी हवं होतं, ती सात दिवसांची असताना. घरात, पाच माणसांत, बुद्धवंदना म्हणायची, नाव सांगायचं आणि खीर खायची. मी नको म्हटलं. माझी पहिली नात, तिचं नाव घरात चोरून ठेवायचं? ज्यांनी मला खात्यात 'त्या वस्तीतली' म्हणून पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता, त्यांनाही बोलावून दाखवायचं होतं मला. कॉन्व्हेंटच्या माळ्याच्या मुलीची नात, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. म्हणून अकरा तारखेचा रविवार. ती आठला गेली.

सातला, बुधवारी दुपारी, तू जेवून तिला मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसलीस. मी जमिनीवर यादी पसरून खुर्च्यांचा हिशेब लावत होते. कागलकडचे किती, खात्यातले किती, तुझ्या सासरचे किती. तू हळू म्हणालीस, "आई, नाव ठरलंय. प्रसेनजीतलापण सांगितलं नाही. रविवारीच त्याला कळेल. फक्त तुला सांगते." आणि सांगितलंस.

मी मान डोलावली. 'छान आहे' म्हटलं. तुला आठवत असेल, मी 'छान आहे' म्हटलं होतं.

आमच्याकडे मोजणीदाराला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायची : मोजताना कुणी बोललं तर मान हलवायची आणि कान बंद ठेवायचे. उत्तर दिलं की आकडा गेला. मी हे दीडशे माणसांना शिकवलं असेल. मला इतकं जमायचं की कुणी शेजारी उभं राहून रडलं तरी माझी रेघ चुकायची नाही. त्या दुपारी मी एकशे बावन्नवर होते. तू बोललीस, मी मान हलवली, आणि एकशे त्रेपन्न म्हटलं. एकूण एकशे त्रेसष्ट खुर्च्या. तो आकडा मला आज झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन.

तुझे ओठ हललेले दिसतात. तिच्या कपाळावरची तीट दिसते. आवाज नाही.

मला वाटलं, रविवारी कळेलच.

चार वर्षं मी शोधते आहे. तू लहानपणी बाहुलीला काय नाव ठेवलं होतंस, तुला वर्गात कोण मैत्रीण आवडायची, कुठलं नाव ऐकून तू वळून बघायचीस. वहीत दोनशेच्या वर नावं लिहिली आहेत. रोज सकाळी वाचते, एखाद्या नावाला कानात काही हलतं का बघते. हलत नाही. त्यातलं एक तिचं असेल आणि मी त्यावरून रोज पुढे जात असेन.

आणि आता गुरुजींचं. मी तुझ्यासाठी शून्य सांगितलं नाही. ते म्हणाले, गेलेलं मूल असलं तर तेही धरायचं. मला भीती वाटली की 'एक' म्हटलं तर ते विचारतील, नाव काय होतं. तक्त्यात नावाचं घर नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण माणसं विचारतात. त्यांनी विचारलं असतं आणि मी तुझ्याकडे बघितलं असतं, आणि तुला कळलं असतं की मी ऐकलं नव्हतं. म्हणून शून्य.

तू दारात येऊन विचारलंस तेव्हा मी जे म्हटलं तेही लिहिते. मी म्हटलं होतं, "जिचं तिकीट निघालं नाही तिला धरत नाहीत." हे माझ्या तोंडातून गेलं. माझ्याच पोटच्या पोरीला. मी तेव्हाही ऐकलं नव्हतं, मी काय बोलते आहे ते.

आई


३ ऑक्टोबर २००५

अक्षू,

तुझं उत्तर नाही, आणि मी ते मागत नाही. पोचपावती आली, तेवढी पुरे.

सोबत नवा फॉर्म आहे, आणि महानगरपालिकेच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट. नाव तुझ्या अक्षरात घाल, सही कर आणि थेट तिकडे टाक. माझ्याकडे पाठवू नकोस. मला नाव सांगू नकोस. तू ते एकदा सांगितलं होतंस, फक्त मला, आणि मी ते गमावलं. दुसऱ्यांदा मागायचा मला हक्क नाही. पण ते रजिस्टरात पडू दे. माझ्यावरच्या रागापायी तिचं घर रिकामं ठेवू नकोस, एवढीच विनंती. या पत्रात दुसरं काही मागितलेलं नाही, हवं तर पुन्हा वाचून बघ.

आज मी गुंडूला भेटून आले. त्याला सांगितलं, कलकत्त्याहून एक पाकीट येईल, ते नीट नोंदवायचं आणि दाखला थेट कलकत्त्याला पाठवायचा. मी इथे आले, गोड बोलले, ओरडले, काहीही केलं, तरी ते पान मला दाखवायचं नाही.

त्याने कानावरचं पेन काढलं. म्हणाला, "आज्जी असून?"

माझं इंग्रजी, माझं शुद्ध मराठी, काही वर आलं नाही.

मी म्हटलं, "व्हय. आज्जी असून."

आई